मिठासारखी माणसं

नोटीस आली तेव्हा मगदूम सिस्टरांच्या दोन्ही हातांत हातमोजे होते, म्हणून ती आधी इक्बालचाचांनी वाचली.

२०४४ सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. मिरजेच्या एका धर्मादाय रुग्णालयाचा डायलिसिस विभाग, सकाळची पाळी, आठ यंत्रं आणि आठ पेशंट. इक्बालचाचा तंबोरे बनवणारे. मूत्रपिंडं निकामी होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती आणि आठवड्यातून तीनदा येऊन ते चार-चार तास रक्त गाळून घ्यायचे. सिस्टर त्यांच्या हातातली सुई चिकटपट्टीने पक्की करत होत्या आणि ट्रॉलीवरचा त्यांचा फोन उजळला.

"सरकारी दिसतंय," चाचा म्हणाले. "वाचू?"

"वाचा की. माझं काय गुपित असतंय?"

चाचांनी मोकळ्या हाताने फोन लांब धरला आणि अडखळत वाचलं. श्रीमती शैलजा आप्पासाहेब मगदूम, वय एकोणसाठ. लवचिकतांक शून्य पूर्णांक शून्य दोन. त्यानुसार येत्या एप्रिलपासून आयकराचा दर वाढीव श्रेणीत. त्यानुसारच निवृत्तीचं वय साठऐवजी सहासष्ट. आणि खाली बारीक अक्षरांत कारण दिलं होतं : 'आपले प्रतिरूप सहासष्टाव्या वर्षापर्यंत स्वखुशीने काम करते.'

"प्रतिरूप म्हंजे काय हो सिस्टर?"

सिस्टरांनी यंत्राचा वेग लावला, रक्ताची लाल रेघ नळीतून धावायला लागलेली पाहिली आणि मगच बोलल्या.

"भावाला विचारावं लागेल," त्या म्हणाल्या. "त्यानंच केलंय ते."

त्याच आठवड्यात विभागाचे प्रमुख डॉक्टर राजहंस यांनाही नोटीस आली होती. त्यांचा कर मात्र कमी झाला होता. त्यांचा दुबईत एक फ्लॅट होता, तिथल्या दोन रुग्णालयांची निमंत्रणं होती, आणि हे सगळं सरकारला ठाऊक होतं. त्यांनी सगळ्यांना पेढे दिले. सिस्टरांनीही एक खाल्ला. त्याची चव बराच वेळ त्यांच्या तोंडात रेंगाळली आणि ती त्यांना आवडली नाही.

*

सिस्टरांचा भाऊ उन्मेष मगदूम त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि शैलजा नुकतीच नर्सिंग पुरं करून कामाला लागली होती. तिने त्याला शिकवलं. पुण्याला, मग दिल्लीला, मग परदेशात. आता तो पुण्यातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. कर, माणसांची काम करण्याची तयारी, निवृत्ती आणि विषमता हा त्याचा विषय. तो राज्याच्या करसमितीवर होता, नव्या करपद्धतीचं गणित त्याचं होतं, आणि वर्तमानपत्रांत त्याचा फोटो आला तेव्हा शैलजाने, त्याच्या आक्काने, तो कापून देवघराशेजारी लावला होता.

रविवारी सकाळच्या एसटीने ती पुण्याला गेली. फोन घरात शिरल्याशिरल्या त्याच्यासमोर ठेवला.

"हे मला समजेल असं सांग."

उन्मेषने नोटीस वाचली. त्याचा चेहरा आधी गोंधळलेला आणि मग सावध झाला.

"बस तर आधी. चहा टाकतो."

"चहा नंतर."

तो समोर बसला. शिकवायची सवय असल्यामुळे त्याने सोपं करून सांगितलं.

"हे बघ आक्का. कर वाढवला की माणसं काम कमी करतात. काही जण देश सोडतात, काही लवकर निवृत्त होतात. सगळेच तसं करत नाहीत. काहींवर काडीचा परिणाम होत नाही. मिठाचं उदाहरण घे. साखर महागली की लोक चहात कमी घालतात. मीठ दुप्पट महाग झालं तरी कुणी आमटीत कमी घालत नाही. म्हणून मिठावर कर लावला तर व्यवहार बिघडत नाही आणि तिजोरीही भरते. हे शंभर वर्षांपूर्वीपासून पुस्तकात आहे. फक्त कुठला माणूस साखर आणि कुठला मीठ, हे आधी कळत नव्हतं. आता कळतं."

कसं कळतं तेही त्याने सांगितलं. प्रत्येक नोकरदाराच्या मनगटावर आरोग्यपट्टा होता. हजेरी, रजा, फोन, प्रवास, आजारपणं, सगळ्याची वीस-पंचवीस वर्षांची नोंद होती. त्यातून यंत्र त्या माणसाची एक नक्कल उभी करायचं. ते प्रतिरूप. मग त्या प्रतिरूपाला हजारो काल्पनिक वर्षं जगायला लावायची. पगार कापायचा, काम वाढवायचं, बदली करायची, आणि ते कधी काम सोडतं ते पाहायचं. लगेच सोडलं तर लवचिकता जास्त आणि कर कमी. सोडलंच नाही तर लवचिकता शून्याजवळ आणि कर जास्त.

"माझं दाखव," आक्का म्हणाली.

"आक्का, त्याला परवानगी..."

"माझं आहे ना ते? मग मीच परवानगी देते."

पडद्यावर चित्र नव्हतं, नुसत्या ओळी होत्या. पगार वीस टक्के कापला : कामावर हजर. निम्मा कापला : हजर. ताप एकशे दोन : हजर. पगार पूर्ण बंद : अकरा महिने हजर. आक्का ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. खाली, हे अनुमान ज्या खऱ्या नोंदींवरून काढलं त्या होत्या. त्यातल्या एका तारखेवर तिचं बोट थांबलं.

"ही आई गेली ती तारीख."

उन्मेषने वाकून ती तारीख वाचली.

"पहाटे गेली. तू पोचलास, अकराला सगळं उरकलं. दुपारी दोनला मी ड्यूटीवर गेले. यावर काय लिहिलंय? कार्यप्रवृत्ती अत्यंत स्थिर."

"तसं झालं होतं ना आक्का. नोंद खोटी नाही."

"खोटी नाहीच. पण मी का गेले? घरात तिचा चष्मा होता, तिची वाटी होती. बसले असते तर मोडून पडले असते म्हणून गेले. आणि ही बघ, सलग चार वर्षं डबल ड्यूटी. ही का केली ते तरी तुला ठाऊक असेल."

त्याच्या दिल्लीच्या वसतिगृहाची चार वर्षं होती ती.

"आवडीनं केलेलं, गरजेपायी केलेलं, दुःखापायी केलेलं, सगळं तुझ्या यंत्रानं एकाच डब्यात टाकलं आणि वर चिठ्ठी लावली, स्वखुशीने," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. वॉर्डात ती कधीच आवाज चढवायची नाही आणि तरी सगळे ऐकायचे. "जो सोडून जाऊ शकतो त्याला सूट. ज्याच्या गळ्यात चार माणसं आहेत त्याच्यावर कर. याला विषमतेवरचं संशोधन म्हणतोस?"

"राज्याचं उत्पन्न वाढलंय आक्का. त्यातून शाळा..."

"ते मला सांगू नकोस. ते वाक्य तू समितीपुढे म्हणून आलायस."

शेवटी त्याने अपिलाचा नियम काढला. प्रतिरूप चुकीचं आहे असं सिद्ध करायचं तर प्रत्यक्ष वागणं सलग तीस दिवस त्याच्या अनुमानाविरुद्ध असायला हवं.

"म्हणजे तू महिनाभर कामावर जायचं नाहीस," उन्मेष म्हणाला. आणि मग, नको ते त्याच्या तोंडून निघून गेलं : "पण तू ते करणार नाहीस."

आक्काने पिशवी उचलली.

"ती तुझी यंत्रातली करणार नाही," ती म्हणाली. "माझं तू बोलू नकोस."

चहा राहिलाच.

*

परतीच्या एसटीत तिचा राग उतरला आणि मागे गणित उरलं. तिच्याकडे बत्तीस पेशंट होते. विभागात सिस्टर चार, त्यातल्या दोन नव्या. ती महिनाभर बसली तर कुणाची सुई चुकेल, कुणाचं रक्त गोठेल, कुणाचा रक्तदाब कोसळलेला उशिरा लक्षात येईल. यंत्राने ओळखलं होतं ते हेच. साखळी नोकरीची नव्हती, त्या बत्तीस जणांची होती.

सोमवारी ती इक्बालचाचांच्या पलंगाजवळ स्टूल घेऊन बसली.

"चाचा, आजपासून सुई तुम्ही स्वतः टोचायची."

"मी?" चाचा हसले. "अहो, माझे हात आता थरथरतात."

"तंबोऱ्याची जवारी लावताना थरथरतात का? तारेखाली केसाएवढा दोरा सरकवता, सूर उघडेपर्यंत. मग स्वतःची शीर सापडणार नाही होय?"

चाचांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. शीर आणि धमनी जोडून तयार केलेली ती जाड गाठ कातडीखाली थरथरत होती. चाचांनी तिच्यावर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकल्यासारखं केलं.

"खर्जात आहे," ते म्हणाले. "द्या सुई."

पहिल्या दिवशी सुई दोनदा चुकली आणि चाचांनी अस्सल मिरजेची शिवी दिली. चौथ्या दिवशी बसली. महिन्याभरात ते शेजारच्या पलंगावरच्या शाळामास्तरांना शिकवायला लागले. डॉक्टर राजहंसांनी आधी हरकत घेतली, मग दोन आठवडे बाजूला उभं राहून पाहिलं आणि लेखी परवानगी दिली. परदेशात पेशंट हे करतात, आपल्याकडे कुणी शिकवायलाच बसत नाही, असंही ते म्हणाले. फेब्रुवारी ते ऑगस्ट सिस्टरांनी दुसरं काही केलं नाही. सुई, नळी, यंत्राच्या सूचना, रक्तदाब, पाय वर कधी घ्यायचे, घंटा कधी दाबायची. सव्वीस जण तयार झाले. उरलेल्या सहा जणांना हाताने जमणार नव्हतं, ते आवळे सिस्टरांनी पत्करले. आवळे सिस्टर त्यांच्या वीस वर्षांच्या सोबतीण.

"माझा अंक शून्य पूर्णांक शून्य चार आलाय," आवळे सिस्टर म्हणाल्या. "तुमचे तीस दिवस झाले की मी बसणार. मग तुम्ही माझे सांभाळा."

एक सप्टेंबरला मगदूम सिस्टर हक्काच्या रजेवर गेल्या. रजा इतकी साठली होती की कारकुनाने दोनदा बेरीज केली.

घरी बसणं त्यांना जड गेलं, हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळी सहाला त्या तयार होऊन उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि मग आठवायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली सगळी भांडी घासली, दुसऱ्या आठवड्यात शेजारणीची. तिसऱ्या आठवड्यात मात्र एके दुपारी त्या खुर्चीत बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्याच नाहीत. काही केलं नाही, काही बिघडलं नाही. त्यांना त्याचं नवल वाटलं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी बाराला आवळे सिस्टरांचा फोन आला.

"बोलवत नाहीये, नुसतं सांगतेय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "दोघीही नव्या तापानं आडव्या आहेत. मी एकटी आहे. चाचांची सुई काढल्यावर रक्त थांबेना. पाऊण तास झाला. मास्तर दाबून बसलेत. डॉक्टर सांगलीत आहेत, शस्त्रक्रियेत. आणि इकडे तीन नंबरचा रक्तदाब उतरतोय."

"आले."

"सिस्टर, ऐका तर. पट्टा घरी काढून ठेवा. मागच्या दारानं या. कुणाला कळणार नाही. अकराच दिवस राहिलेत."

मगदूम सिस्टरांचा हात पट्ट्यावर गेला. बटण निघायला सोपं होतं. क्षणभर त्यांनी ते दाबून धरलं आणि सोडून दिलं.

"चोरून कशाला येऊ?" त्या म्हणाल्या. "मी काय पाप करायला येतेय?"

पट्टा मनगटावर ठेवून त्या समोरच्या दारातून आत गेल्या. बोटाच्या टोकाने नेमकी जागा धरून त्या चाचांच्या पलंगाशी अर्धा तास बसल्या. रक्त थांबलं. तीन नंबरचे पाय वर घेतले होते, तो सावरला. चाचांनी डोळे उघडले आणि आधी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं.

"माझ्यामुळं घालवलंत सगळं."

"काही घालवलं नाही. बोलू नका, हात हलतो."

*

सुनावणी नोव्हेंबरात सांगलीला झाली. अपील प्राधिकरणाच्या अध्यक्ष कुलकर्णीबाई, एक तांत्रिक अधिकारी आणि शासनाच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून डॉक्टर उन्मेष मगदूम. फेब्रुवारीनंतर बहीणभाऊ पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. मागच्या बाकांवर आवळे सिस्टर होत्या, चाचा होते, आणि अशाच नोटिसा आलेले बरेच जण. ड्रेनेजवाले, अंगणवाडीच्या बाया, दोन एसटी ड्रायव्हर.

तांत्रिक अधिकाऱ्याने वाचून दाखवलं. एकोणिसाव्या दिवशी अपीलकर्ती कामावर हजर. प्रतिरूपाचं अनुमान खरं ठरलं.

"तुम्हांला काही म्हणायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"होय, गेले," सिस्टर म्हणाल्या. "माणूस रक्तानं भिजत होता म्हणून गेले. पुन्हा तसं झालं तर पुन्हा जाईन. पण बाई, शेजारचं घर पेटलं तर मी बादली घेऊन धावेन, याचा अर्थ मला रोज अग्निशमन दलात घ्या असा होत नाही. मी धावते हे तुमच्या यंत्राला कळतं. कळतंय म्हणून त्याची पट्टी वसूल करायची? चाळीस वर्षं मी धावले ती माझ्या मर्जीनं, नाहीतर माझ्या गरजेनं. तुमच्याशी करार करून नव्हे."

मागून कुणीतरी "बरोबर" म्हणालं. अध्यक्षांनी हात वर करून शांत केलं आणि त्या उन्मेषकडे वळल्या.

"डॉक्टर मगदूम, एकच प्रश्न. एखादा माणूस आवडीनं काम करतो की नाइलाजानं, हा फरक प्रतिरूपाला कळतो का?"

सरकारी वकिलाने त्याच्यापुढे एक कागद सरकवला. त्यावर उत्तर छापलेलं होतं. उन्मेषने तो वाचला आणि पालथा केला.

"नाही," तो म्हणाला. "कळत नाही. आणि हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या मूळ संशोधनात शेवटचं प्रकरण त्यावरच होतं. ज्याला पर्याय नाही त्याचं वागणं आणि ज्याला आवड आहे त्याचं वागणं नोंदीत सारखंच दिसतं, म्हणून हा अंक एकेका माणसाला लावू नये, असं मी लिहिलं होतं. समितीला ते प्रकरण नको होतं. मला समितीत जागा हवी होती. मी ते काढलं."

वकील उठून उभा राहिला. उन्मेष थांबला नाही.

"आणखी एक. हे यंत्र माणसांना ओळखतं ते ती मोजली जाण्याआधीची. नोटीस हातात पडल्यावर तीच माणसं वेगळी वागायला लागतात. यंत्र म्हणालं होतं की या बाई एक दिवसही घरी बसणार नाहीत. त्या अठरा दिवस बसल्या, आणि त्याआधी त्यांनी सव्वीस जणांना स्वतःचं डायलिसिस करायला शिकवलं. हे माझ्या एकाही समीकरणात नव्हतं."

अध्यक्षांनी बराच वेळ लिहिलं. मग वर पाहिलं. साक्ष त्या शासनाकडे पाठवणार होत्या, पण त्यांचे हात नियमाने बांधलेले होते. सलग तीस म्हणजे तीस. अपील फेटाळलं.

"नियमात दुसऱ्यांदा प्रयत्न करायला मनाई आहे का?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग उद्यापासून माझा पहिला दिवस लिहून घ्या."

"माझाही," आवळे सिस्टर मागून म्हणाल्या. मग त्यांनाच आठवलं. "नाही, नाही. यांचे तीस झाले की माझा."

बाहेर जिन्यावर उन्मेष आक्काची वाट पाहत उभा होता. समितीतून त्याला त्याच संध्याकाळी काढलं गेलं, पण ते तेव्हा ठाऊक नव्हतं. आक्काने त्याच्या हातातली जड बॅग घेतली, लहानपणी दप्तर घ्यायची तशी.

"जेवलायस का?" तिने विचारलं.

"नाही."

"चल तर. चाचापण उपाशी आहेत."

*

दुसऱ्या खेपेला तीस दिवस पुरे झाले. मध्ये दोनदा अडचण आली, पण दोन्ही वेळा वॉर्डाने निभावून नेलं. एकदा तर चाचांनीच, स्वतःच्या हातातली नळी सांभाळत, शेजारच्याला शांतपणे सूचना दिल्या. सिस्टरांचा अंक शून्य पूर्णांक शून्य दोनवरून शून्य पूर्णांक चौतीसवर गेला आणि तांत्रिक अधिकाऱ्यांनी तो तीनदा तपासला.

तोवर प्रकरण मिरजेपुरतं राहिलं नव्हतं. ठिकठिकाणच्या सिस्टर आपापल्या पेशंटांना शिकवत होत्या, ड्रायव्हर एकमेकांच्या पाळ्या वाटून घेत होते, ड्रेनेजवाल्यांनी पाळीपाळीने तीस-तीस दिवस काढायचं वेळापत्रकच नाक्यावर लावलं. काम कुठे अडलं नाही, पण यंत्राची अनुमानं मात्र कोसळायला लागली. ज्यांना मीठ म्हणून मोजलं होतं त्यांतल्या कुणाचंच काही सांगता येईना. उन्मेषने आपलं काढलेलं प्रकरण स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या चुकीच्या कबुलीसह प्रसिद्ध केलं. मार्चमध्ये शासनाने निवृत्तीचं कलम मागे घेतलं. कराचं कलम अजून न्यायालयात आहे, आणि तिथे सिस्टर दर तारखेला जातात.

ठरलेल्या दिवशी, साठाव्या वर्षी, शैलजा मगदूम निवृत्त झाल्या. समारंभ वॉर्डातच झाला, कारण चाचांचं डायलिसिस चालू होतं आणि त्यांच्याशिवाय तो करायचा नाही असं ठरलं होतं. उन्मेष पुण्याहून आला होता. कार्यालयाचा कारकून एक फॉर्म घेऊन आला. प्रतिरूप अद्ययावत करण्यासाठी निवृत्तांकडून भरून घ्यायचा होता. ऐच्छिक आहे, पण सगळे भरतात, असं तो म्हणाला.

सिस्टरांनी चष्मा लावला. नाव, पत्ता, जन्मतारीख भरली. शेवटचा रकाना मोठा होता. 'निवृत्तीनंतर आपण आपला वेळ कसा व्यतीत करणार आहात? कृपया सविस्तर लिहा.'

"आक्का, मलाही ऐकायचंय," उन्मेष म्हणाला. "खरंच काय करणार आहेस तू?"

चाचांनी पलंगावरून मान वळवली. आवळे सिस्टर इंजेक्शन भरता भरता थांबल्या.

मगदूम सिस्टरांनी पेनचं टोपण काढलं, रकान्यात तीन शब्द लिहिले, खाली ठसठशीत सही ठोकली आणि फॉर्म कारकुनाच्या हातात दिला. त्याने तो मोठ्याने वाचला.

"माझं मी बघेन."